आधी विचारा, नाव कोणाचं?

रायगड जिल्ह्यात एक महाड आहे आणि एक महड. महाड दक्षिणेला, सावित्रीकाठचं, चवदार तळ्याचं; महड खालापूर तालुक्यातलं, वरदविनायकाचं. इंग्रजीत लिहिताना दोन्हींची अक्षरं तीच. कर्जतही दोन आहेत, एक आपलं उल्हास नदीवरचं आणि दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं. नेरळ आणि नेरूळ तर दोन्ही मध्य रेल्वेचीच स्टेशनं. पाऊस सुरू झाला की मोबाइलवर या जोड्यांचा घोळ होऊ लागतो. 'कर्जतला पूर' म्हणून आलेला व्हिडिओ त्या दुसऱ्या कर्जतकडच्या सीना नदीचा असू शकतो, आणि पोरगा कल्याणला कामाला असलेल्या घरात तेवढ्यावरून रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.

अशा चुका छापील वर्तमानपत्रांतही होत. पण वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: संपादक कोण, मुद्रक-प्रकाशक कोण, छापलं कुठे. कायद्यानेच ती छापावी लागते. अलिबागचं 'कृषीवल' असो की पहिल्या लोकलने येणारा मुंबईचा अंक, चूक झाली तर कोणाच्या दारात जायचं हे वाचकाला ठाऊक असतं. मोबाइलवर आलेल्या मजकुराला ही तळची ओळ नसते. माझ्या मते डिजिटल माध्यमांनी घडवलेला सगळ्यात मोठा बदल हाच आहे. बातमी, खेळ आणि कलेचा धंदा तिन्ही एका पडद्यावर आली, आणि येताना नाव मागे राहिलं. म्हणून या लेखात जे सांगणार आहे ते एकाच प्रश्नाभोवती आहे: यामागे नाव कोणाचं आहे? बातमी कोण सांगतोय, खेळातला पैसा कोणाच्या खात्यात जातोय, काढलेला फोटो कोणाच्या मालकीचा होतोय.

बातमीपासून सुरुवात करतो, कारण तिथे प्रश्न जिवाचा असतो.

19 जुलै 2023 च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर जायला गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकं अंधारात, पावसात, निसरड्या पायवाटेने चढून गेली. 23 जुलैला शोधकार्य थांबलं तेव्हा 27 मृतदेह हाती लागले होते आणि 57 माणसं बेपत्ता होती. त्या चार दिवसांत मृतांचा आणि बेपत्तांचा आकडा सतत बदलत होता. ते स्वाभाविकच होतं. ढिगारा उपसला जात होता, बाहेरगावी गेलेली माणसं परत येऊन आपण जिवंत असल्याचं सांगत होती. अशा वेळी आलेल्या प्रत्येक आकड्याला दोन गोष्टी चिकटलेल्या असल्या पाहिजेत: तो किती वाजताचा आणि कोणी दिलेला. जिल्हाधिकारी, एनडीआरएफ, पोलीस यांपैकी कोणाचंही नाव नसेल तर तो आकडा पुढे ढकलू नका. मृतांच्या नावांची यादी तर अधिकृतपणे जाहीर होण्याआधी कधीच पाठवू नका. ती यादी त्या घरातला माणूसही वाचत असतो.

व्हिडिओची अडचण वेगळी. माळीणची दरड 2014 ची, तळियेची 2021 ची, इर्शाळवाडीची 2023 ची. पण खचलेला डोंगर आणि लाल चिखल पडद्यावर सारखाच दिसतो. पुढच्या पावसात यातली कुठलीही फीत 'आत्ताची' म्हणून तुमच्यापर्यंत येऊ शकते. तपासायचं कसं? व्हिडिओ थांबवा आणि गाड्यांच्या नंबरपाट्या पाहा. आपल्याकडे एमएच 46 आणि एमएच 06 जास्त दिसतात. एमएच 16 दिसू लागल्या तर ते दुसरं कर्जत आहे. दुकानांच्या पाट्या वाचा, माणसांची बोली ऐका. घाटावरचं बोलणं आणि आपल्याकडचं ठाकरांचं किंवा आगरी बोलणं कानाला लगेच वेगळं कळतं. मग पडद्याचा फोटो घेऊन गुगल लेन्समध्ये टाका. तोच व्हिडिओ आधी कधी येऊन गेला असेल तर बहुतेक वेळा सापडतो. आणि सगळ्यात खात्रीचा उपाय फोनचा: त्या गावात राहणाऱ्या माणसाला, पोलीस पाटलाला, सरपंचांना विचारा. दोन मिनिटांत उलगडा होतो.

पावसाळ्यासाठी काही नावं आणि आकडे फोनमध्ये आत्ताच जपून ठेवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077, पोलिसांसह सर्व तातडीच्या मदतीसाठी 112. विजेची पूर्वसूचना देणारं 'दामिनी' हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ॲप आहे आणि 'सचेत' राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. भातलावणीला शेतात असणाऱ्यांच्या घरी 'दामिनी' असायलाच हवं. गाड्यांची खबर रेल्वेच्या अधिकृत खात्यावरून घ्या. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तो दिवस आपल्या मार्गावरचे प्रवासी विसरलेले नाहीत. अशा दिवशी 'गाड्या चालू आहेत असं ऐकलंय' एवढ्यावर घराबाहेर पडणं धोक्याचं असतं.

एका प्रकारच्या निरोपाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. 'मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, सावध राहा.' 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच अफवेतून भिक्षा मागत फिरणाऱ्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. देशभर घडलेल्या अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तरीही 2020 च्या एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचल्यात अफवेनेच पेटलेल्या जमावाने तिघांचा जीव घेतला. आपल्या वाड्यावस्त्यांवर फेरीवाले येतात, भटके येतात, वाट चुकलेले ट्रेकर येतात. असा निरोप आला तर 112 ला किंवा पोलीस पाटलांना कळवा आणि निरोप तिथेच थांबवा. 'खबरदारी म्हणून पाठवतोय' असं म्हणून पाठवणाराही त्या जमावात सामील होत असतो.

सरकारी योजनांच्या लिंकांबाबत नियम सोपा आहे. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर आधार क्रमांक, बँक खातं किंवा ओटीपी भरू नका. लाडकी बहीण योजनेच्या नावाने आलेली लिंक ताईंनी अंगणवाडी सेविकेला किंवा ग्रामपंचायतीत दाखवून मगच उघडावी.

आता दुसऱ्या बाजूला असलेल्यांसाठी, म्हणजे हातात माइक आणि मोबाइल घेऊन स्वतःचं बातम्यांचं चॅनेल चालवणाऱ्या मुलामुलींसाठी. कर्जत, नेरळ, खोपोली, चौक या पट्ट्यातल्या रस्त्याच्या, पाण्याच्या, आदिवासी वाड्यांच्या कितीतरी बातम्या मोठ्या वाहिन्यांच्या लेखी नसतात. त्या तुमच्यामुळे बाहेर येतात, आणि हे काम मोलाचं आहे. ते टिकायचं असेल तर तळची ओळ स्वतःहून लिहा. चॅनेलच्या माहितीत संपादकाचं खरं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन द्या. प्रत्येक व्हिडिओवर तारीख आणि 'कर्जत, जि. रायगड' असं पूर्ण ठिकाण घाला. चूक झाली तर व्हिडिओ गुपचूप काढू नका. काय चुकलं ते सांगून दुरुस्ती टाका. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे, आणि बालकांच्या बाबतीत पोक्सो कायदाही लागतो. नाव झाकून तिचं घर, तिची शाळा किंवा तिच्या वडिलांचा चेहरा दाखवला तरी ओळख उघड होतेच. आणि बातमी न दाखवण्याचे पैसे मागणारा माणूस गळ्यात कुठलंही कार्ड घालून आलेला असो, ती खंडणी आहे. फार्महाउसवाल्यांनी, दुकानदारांनी आणि सरपंचांनी अशा वेळी पैसे न देता, बोलणं जपून ठेवून पोलिसांत जावं.

खेळांकडे वळताना पालकांना आधी एक गोष्ट सांगतो: सगळे खेळ एका मापाने मोजू नका. मुलगा मित्रांबरोबर बीजीएमआय खेळतो हा वेळेचा आणि झोपेचा प्रश्न आहे. रमी, सट्टा किंवा 'अंदाज लावा, पैसे कमवा' यांत पडला तर तो घराच्या पैशाचा प्रश्न होतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. त्यानंतर देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. ई-स्पोर्ट्सना, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धांना, याच कायद्याने मान्यता दिली आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. त्यामुळे फसलेल्या मुलाने घाबरून गप्प बसायचं कारण नाही.

मोठ्या कंपन्या गेल्या तरी टेलिग्रामवरून चालणारे परदेशी सट्ट्याचे धंदे पूर्ण थांबले असं समजू नका. ओळखायची खूण पुन्हा नावाचीच. यूपीआयने पैसे भरताना पडद्यावर समोरच्याचं नाव येतं. खेळ एका नावाचा आणि पैसे घेणारा कोणी भलताच, दर वेळी नवा माणूस, असं दिसलं की थांबा. आणि आपल्या भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, वसतिगृहांतल्या मुलांना मुद्दाम सांगतो: 'तुझं बँक खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, कमिशन मिळेल' असं कोणी म्हणालं तर त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरवला जाणार आहे. खातं तुमच्या नावावर असतं, म्हणून पोलीस पहिल्यांदा तुमच्याच घरी येतात. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर 1930 वर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. खेळाचं व्यसन जडलंय, झोप उडालीय, चिडचिड वाढलीय असं दिसलं तर 14416 ही 'टेलि-मानस'ची मोफत सेवा आहे. लहान मुलांच्या हातातल्या फोनवर प्ले स्टोअरच्या प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी मांडणी करून ठेवा, आणि आपला यूपीआय पिन मुलांना पाठ होऊ देऊ नका.

खेळ बनवणं हाही आता महाराष्ट्रातला व्यवसाय आहे. 'राजी' हा 2020 साली आलेला, भारतीय पुराणकथांच्या वातावरणातला खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. 'इंडस'ही पुण्याच्याच सुपरगेमिंगचा. कर्जतहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत बसायचं, एवढंच अंतर. ब्लेंडर आणि गोडो ही मोफत सॉफ्टवेअर आहेत. गेमर मुलाला सुट्टीत त्यांतलं एक उघडून द्या. ॲनिमेशनच्या क्लासला लाखाची फी भरण्याआधी मात्र तिथून शिकून गेलेल्या मुलांनी केलेलं काम, त्यांच्या नावासकट, पाहायला मागा. नोकरी लागली अशा पोस्टरवरच्या फोटोंवर फी ठरवू नका.

आता कलेचा धंदा. आपल्या भागात त्याचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे एन. डी. स्टुडिओ. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2005 साली कर्जत-चौकच्या परिसरात तो उभा केला. 'जोधा अकबर'चा आग्र्याचा किल्ला आपल्या डोंगरांच्या पार्श्वभूमीवर उभा राहिला. असे सेट उभे करताना सुतार, रंगारी, प्लास्टरचं आणि साच्यांचं काम करणारे, जेवण पुरवणारे, गाड्या चालवणारे असे कितीतरी हात लागतात. कर्जाच्या ओझ्यात सापडलेल्या देसाईंनी 2 ऑगस्ट 2023 ला त्याच स्टुडिओत अखेरचा श्वास घेतला. कर्जत आणि खालापूर तालुक्यांनी एक मोठा कलावंत गमावला. दरम्यान धंदाही बदलत गेला. जो दरबार लाकडात आणि प्लास्टरमध्ये उभा करायचा, त्यातला मोठा भाग आता हिरव्या पडद्यामागे संगणकावर किंवा प्रचंड एलईडी भिंतीवर उभा करता येतो. सेटवरच्या सुताराचे दिवस त्यामुळे कमी होतात, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण चित्रीकरणाचा डेटा सांभाळणारा, फोकस ओढणारा, संकलनाला मदत करणारा, प्रकाशयोजना कळणारा माणूस लागतोच, आणि तो मुंबईहून रोज आणण्यापेक्षा इथला असलेला परवडतो. दहावी-बारावीनंतर या कामांत शिरणाऱ्याने मोठ्या कोर्सआधी एखाद्या संचात मदतनीस म्हणून राबून पाहावं.

गर्दीतली कामं करणाऱ्यांना एक सूचना. शूटिंगला गेल्यावर चेहऱ्याचं आणि शरीराचं स्कॅनिंग करून घेतो म्हणाले, तर आधी कागद वाचा. 'कुठल्याही कामासाठी, कायमस्वरूपी' असं लिहिलं असेल तर सही करू नका. कुठल्या चित्रपटासाठी, किती काळ आणि किती पैशांत, हे लिहून घ्या. नाहीतर तुमचा चेहरा पुढच्या गर्दीत उभा राहील आणि तुम्हाला रोजंदारीही मिळणार नाही.

या दोन तालुक्यांत खरा पैसा सध्या फिरतो तो लग्नांच्या आणि प्री-वेडिंगच्या कॅमेऱ्यांत. फार्महाउस, धबधबे आणि डोंगर, मुंबईहून दोन तासांवर. इथल्या फोटोग्राफर मुलांपैकी फार थोड्यांना पुढची गोष्ट माहीत असते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, पैसे देऊन एखाद्याने फोटो किंवा फिल्म करून घेतली आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे तुम्ही काढलेला फोटो तुमच्याच जाहिरातीत वापरायचा हक्क तुमच्याकडे आपोआप येत नाही. त्यामुळे ॲडव्हान्स घेतानाच एक पानाचा मराठी करार करा: तारीख, ठिकाण, किती फोटो, कधी देणार, उरलेली रक्कम कधी, कच्चं फुटेज द्यायचं की नाही, आणि नमुना म्हणून आपल्या पानावर वापरायची परवानगी. व्हॉट्सॲपवर पाठवून 'मान्य' असं उत्तर घेतलं तरी काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं. सगळा डेटा दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. ड्रोन 250 ग्रॅमहून जड असेल आणि पैसे घेऊन उडवायचा असेल, तर ड्रोनची नोंदणी आणि चालवणाऱ्याचं रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. उडवण्याआधी 'डिजिटल स्काय'चा नकाशा बघा.

यूट्यूबवर नाव काढायची इच्छा असणाऱ्यांसमोर 'गावाकडच्या गोष्टी'चं उदाहरण आहे. गावात राहून, गावाच्या बोलीत केलेली ही मालिका जगभरच्या मराठी माणसांनी पाहिली. हिशेब मात्र आधी समजून घ्या. जाहिरातींचा वाटा मिळायला 1000 सदस्य आणि गेल्या 12 महिन्यांत 4000 तास पाहिलं जाणं लागतं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी वेळा पाहिलं जाणं. 4000 तास म्हणजे दहा मिनिटांचा व्हिडिओ 24000 वेळा शेवटपर्यंत पाहिला जाणं. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींचे 55 टक्के तुम्हाला मिळतात, आणि 100 डॉलर साठेपर्यंत खात्यात काही येत नाही. म्हणून पहिली दोन वर्षं नोकरी किंवा शेती सोडू नका. चित्रपटाचं गाणं लावून केलेल्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते, आणि 90 दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनेलच जातं. फार्महाउसने फुकट मुक्काम देऊन रील करून घेतली असेल तर ती जाहिरात आहे, तसं व्हिडिओत स्पष्ट लिहा. ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. आणि 2024 च्या जुलैत माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यावर व्हिडिओ करायला गेलेली एक तरुणी दरीत कोसळून गेली, हे आषाणे, भिवपुरीच्या धबधब्यांवर जाताना लक्षात असू द्या. प्रशासनाने बंदी घातलेल्या जागेचा नकाशा रीलखाली देऊ नका.

तीन मित्रांनी मिळून काढलेलं चॅनेल बहुतेक वेळा एकाच्या जीमेलवर उघडलेलं असतं. भांडण झालं किंवा फोन हरवला की बाकी दोघांची मेहनत जाते. यूट्यूब स्टुडिओच्या परवानग्यांत तिघांची नावं जोडा आणि कमाईची वाटणी कागदावर लिहा.

ठाकर वाड्यांवर जाऊन नाच-गाणी चित्रित करणाऱ्यांनीही हाच कागद सोबत न्यावा. कायद्याने नाचणारा, गाणारा, वाजवणारा हा 'परफॉर्मर' आहे आणि त्याच्या संमतीशिवाय त्याचं सादरीकरण धंद्यासाठी चित्रित करता येत नाही. हा हक्क 50 वर्षं टिकतो. कागद मराठीत असावा आणि सही घेण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा. मानधनाचा आकडा, व्हिडिओत वाडीचं आणि कलाकारांचं नाव कुठे येणार, पुढे कुणी तो विकत घेतला तर किती वाटा, एवढं त्यात असावं. लहान मुलांचे चेहरे आईबापांच्या परवानगीशिवाय घेऊ नयेत. कागदाची एक प्रत वाडीवर ठेवून यावी.